चोक ओढा, मग किल्ली फिरवा

मे १९६९. मद्रास राज्याचं नाव तमिळनाडू होऊन जेमतेम चार महिने झालेत; शहर मात्र अजून मद्रासच आहे. सकाळचे साडेसात वाजलेत. मैलापूरच्या कपालीश्वर देवळाजवळच्या एका गल्लीत तुम्ही उभे आहात आणि शर्ट आताच पाठीला चिकटलाय. अग्निनक्षत्र लागलंय, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातले सगळ्यात कडक दिवस. समोर फिकट निळी स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे, चार दारांची, नवेपणाचा वास अजून न गेलेली. तिचे मालक तिशीच्या आतले. पांढरा बुशशर्ट, कपाळाला गंध. घराणं तंजावरचं, व्यंकोजीराजांच्या काळापासून कावेरीकाठी स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी. गल्लीतले तमिळ शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा. त्यांच्या मराठीला तमिळ हेल आहे, आणि किल्ली त्यांनी अजून तुमच्या हातात दिलेली नाही.

“आधी बॉनेट,” ते म्हणतात.

दोन्ही बाजूंच्या कड्या सोडायच्या आणि काचेच्या बाजूने उचलायचं. पत्र्याचं एक झाकण उघडेल असं तुम्हाला वाटतं. पण मडगार्ड, दिवे, जाळी, असं गाडीचं सगळं तोंडच पुढे कलंडतं. इंजिन, पुढची दोन्ही चाकं, स्प्रिंगा, सगळं उघड्यावर येतं. वाकायची गरज नाही. पुढच्या चाकावर बसून निवांत प्लग काढता येतील. रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघा. ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घाला, परत काढा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर आहे ना? फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघा, किती दबतोय. हे रोजचं आहे. हेराल्डचा मालक सकाळी पेपरच्या आधी हे करतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

ही गाडी याच शहराची आहे. ग्रँड सदर्न ट्रंक (जीएसटी) रोडवर, वंडलूरच्या बाजूला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सचा कारखाना आहे. तिथे आधी व्हॅनगार्ड झाली, मग स्टँडर्ड टेन, आणि १९६१ पासून हेराल्ड. मूळ गाडी इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, तिचं रूप इटलीच्या मिकेलॉत्ती यांनी रेखाटलेलं. तिला चार दारं मात्र मद्रासने दिली. इंग्लंडमध्ये ती दोन दारांचीच राहिली. भारतातल्या संसारी माणसाला कुटुंब घेऊन बाहेर पडायचं असतं, मागच्या सीटवर आजी असते, हे वंडलूरच्या लोकांना ठाऊक होतं. देशात सामान्य माणसाने घ्याव्यात अशा मोटारी या काळात तीनच आहेत: कलकत्त्याजवळच्या उत्तरपाऱ्याची अँबॅसडर, आपल्या कुर्ल्याची फियाट आणि ही. फियाटसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबतात.

आता किल्ली मिळते. चोक ओढा, मग किल्ली फिरवा. इंजिन खोकतं, धरतं. लगेच निघू नका. आवाज एकसारखा होईपर्यंत थांबा, मग चोक थोडा आत ढकला, थोडा अजून. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबलेली असतानाच टाकायचा, नाहीतर दात खडखडतील, कारण पहिल्याला सिंक्रो नाही. स्टिअरिंग पातळ आणि मोठं आहे. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, आणि ते पाय नुसता ठेवून लागत नाहीत. त्यांच्यावर उभं राहावं लागतं. बेल्ट नाही, डोक्यामागे उशी नाही. रेक्झिनची सीट तापलेली. उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हात खिडकीबाहेर सरळ काढा. इंडिकेटर आहे, पण मागून येणाऱ्या सायकलवाल्याला हाताची खूण अधिक कळते.

रॉयपेट्टामार्गे माउंट रोडला लागता. रायरांना जनरल पॅटर्स रोडवर एक ट्यूब घ्यायची आहे. त्या रस्त्याला सगळी मोटारींच्या सामानाचीच दुकानं. खरेदी उरकून परत येता, एलआयसीची चौदा मजली इमारत मागे टाकता, स्पेन्सर्सच्या दुकानापर्यंत पोचता, आणि गाडी गचके खात बंद पडते. पेट्रोल आहे, बॅटरी आहे. तुमच्या कपाळावर घाम फुटतो. रायर मात्र शांतपणे सीटखालून एक फडकं आणि पाण्याची बाटली काढतात.

बॉनेट पुन्हा उघडतं. इंजिनाच्या अंगाला चिकटलेला वाटीएवढा एक पंप आहे. मेकॅनिक त्याला एसी पंप म्हणतात. गाडी दुकानासमोर उभी होती, तेव्हा इंजिनाची धग या पंपात आणि नळीत शिरली आणि आतल्या पेट्रोलची वाफ झाली. हा पंप पातळ पेट्रोल ओढू शकतो, वाफ ओढता ओढता नुसता धापा टाकतो. ओलं फडकं त्याच्यावर गुंडाळायचं, वर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. रस्त्यावरून जाणारी दुसरी हेराल्ड हळू होते, आतला माणूस डोकं बाहेर काढून तमिळमध्ये काहीतरी विचारतो, रायर हात हलवून “सगळं ठीक” सांगतात. पाच-सात मिनिटांत पंपाला हात लावता येतो. किल्ली फिरवता. गाडी चालू.

या थांबण्यात काहीतरी होतं, असं मला मनापासून वाटतं. रायरांना वाफ, ठिणगी आणि हवा यांचं काय चाललंय हे कानाने, नाकाने आणि तळपायाने कळत होतं. ते इंजिनियर नव्हते. पण गाडी बाळगायची तर हे कळायलाच हवं, असा त्या यंत्राचा हट्ट होता. हा हट्ट ज्यांना पुरवता आला त्यांनाच मोटार मिळाली. बाकीचे बसच्या रांगेत राहिले. गोष्टीची ही दुसरी बाजू सोडून हेराल्डच्या आठवणी सांगितल्या, तर अर्धंच सांगितलं असं होईल.

जेमिनी सर्कलला फ्लायओव्हर अजून नाही. तो १९७३ मध्ये होणार आहे. आता नुसतं वर्तुळ आहे, त्याला वळसा घालून कॅथीड्रल रोडला या आणि वुडलँड्स ड्राइव्ह-इनच्या आवारात शिरा. रेस्टॉरंट १९६२ मध्ये सुरू झालं. झाडांच्या सावलीत गाड्या लागल्यात. उतरायचं नाही. वेटर खिडकीशी येतो, ऑर्डर घेतो, थोड्या वेळाने एक ट्रे आणून दाराच्या काचेला अडकवतो. साजूक तुपातला रोस्ट डोसा, चटण्या, सांबार, आणि डबरा-टंबलरमध्ये फेसाळलेली फिल्टर कॉफी. काच नेमकी किती खाली घ्यायची याचं एक गणित आहे: पूर्ण खाली घेतली तर ट्रे बसत नाही, फार वर ठेवली तर हात पोचत नाही. मागच्या सीटवरच्या मुलाने दार जोरात ओढलं की सांबार कुणाच्या तरी मांडीवर. शेजारच्या अँबॅसडरमध्ये एक अख्खं कुटुंब बसलंय, पुढच्या लांब सीटवर तिघं, कारण तिचा गिअर स्टिअरिंगलाच असतो आणि मध्ये जागा मोकळी राहते. धाकटं पोर आईच्या मांडीवर, तोंड थेट डॅशबोर्डच्या पत्र्याकडे. कुणालाही त्यात काही वावगं दिसत नाही. तुम्हाला दिसतं, आणि तुमचा घास अडतो.

निघताना रायर तुम्हाला हेराल्डची करामत दाखवतात. स्टिअरिंग पूर्ण फिरवा. पंचवीस फुटांत ही गाडी उलटी फिरते, रिव्हर्स न घेता. त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघा. आपल्या गावात बनलेल्या वस्तूचा अभिमान पुढे फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला आला.

आता दीड वर्ष पुढे या. नोव्हेंबर १९७०, ईशान्य मोसमी पाऊस. संध्याकाळी रस्त्यात घोटाभर पाणी, समोरून बस गेली, पाण्याचा फवारा इंजिनात शिरला आणि हेराल्ड बंद. आता तुम्हाला सांगावं लागत नाही. तुम्ही बॉनेट उचलता, डिस्ट्रिब्युटरचं काळं झाकण काढता. आत ओल आहे. ठिणगी प्लगपर्यंत जाण्याऐवजी पाण्यातून भलतीकडेच निसटतेय. रायर छत्री धरतात आणि वेष्टीचं, म्हणजे धोतराचं, कोरडं टोक पुढे करतात. झाकण आतून पुसा, प्लगच्या वायरी पुसा, घट्ट बसवा. किल्ली. चालू. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले तुम्ही दोघं हसता.

ऐंशीच्या दशकात फार वेळ रेंगाळायला नको, पण एक गोष्ट बघून घ्या. १९८५ मध्ये मद्रासच्या त्याच कारखान्यातून स्टँडर्ड २००० बाहेर पडली. अंगाने ती रोव्हर एसडी-१, युरोपात कौतुक झालेली गाडी. त्या देखण्या अंगात इंजिन मात्र व्हॅनगार्डच्या वंशातलं, चाळीसच्या दशकातल्या आराखड्याचं. रायर मोठ्या आशेने बघायला गेले. चालवून आले आणि घरी काही बोलले नाहीत. १९८८ मध्ये उत्पादन थांबलं. मद्रासची स्वतःची मोटार तिथे संपली, आणि मला तो शेवट अजून लागतो. कारागिरांची कमतरता नव्हती, नवं इंजिन नव्हतं.

रायरांच्या दारात तोवर मारुती ८०० आली होती. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली, तेव्हा तिची किंमत होती ४७,५०० रुपये. बसून बघा. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ओढ पुढच्या चाकांना. दार हलकं, क्लच हलका. आणि सकाळी पहिल्या फटक्यात चालू. पहिले काही दिवस रायर सवयीने बॉनेट उघडून उभे राहायचे. करण्यासारखं काही सापडत नसे. हळूहळू ते उघडेनासे झाले.

सप्टेंबर १९९८. शहराचं नाव चेन्नई होऊन दोन वर्षं झालीत. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टैला ह्युंदाईच्या कारखान्यातून सँट्रो निघालीय. मरैमलै नगरला फोर्डही येऊ घातलीय. सँट्रोचं छप्पर उंच आहे, आत बसताना मान वाकवावी लागत नाही. डॅशबोर्डवर चोक शोधा. नाही सापडणार. कार्ब्युरेटर गेला, त्याच्याबरोबर चोकही गेला.

का गेला, ते मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं ही नुसती चैन होती. १ एप्रिल १९९५ पासून चारही महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल आलं. हा कन्व्हर्टर धुरातलं विष मोडतो. शिसं त्याला मारून टाकतं, म्हणून पेट्रोल बदलावं लागलं. पण तो नीट काम करतो ते हवा आणि पेट्रोलचं प्रमाण अगदी काटेकोर असेल तेव्हाच, आणि एवढा काटेकोरपणा कार्ब्युरेटरला, किंवा चोक ओढणाऱ्या रायरांच्या हाताला, जमण्यासारखा नव्हता. मग सेन्सर आले. एक हवा मोजतो, एक इंजिनाची उष्णता, एक धुरातला ऑक्सिजन. एक छोटा संगणक दर क्षणाला ठरवतो, किती थेंब. पंप पेट्रोलच्या टाकीतच जाऊन बसला आणि दाबाने पेट्रोल पाठवू लागला. वाफेचा अडथळा संपला, ओलं फडकं संपलं. माउंट रोडच्या फुटपाथवर चालणाऱ्या पोराच्या फुप्फुसात शिसं जाऊ नये, यासाठी तुमच्या डॅशबोर्डवरची एक मूठ नाहीशी झाली. मला हा सौदा शंभर टक्के मान्य आहे.

आणि सँट्रोच्या स्टिअरिंगमागे कोण बसलंय बघा. रायरांच्या पत्नी. पन्नाशीला आलेल्या. १९६९ मध्ये त्या वुडलँड्सला मागच्या सीटवर असायच्या, आणि गाडी शिकायचं का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जड स्टिअरिंग, भर उन्हात बंद पडणारं इंजिन, रस्त्यावर बॉनेट उघडून उभं राहणं. ‘बायकांचं काम नाही’ म्हणायला ही कारणं सोयीची होती. आता ती कारणं उरली नाहीत. एसी चालू करतात, आरसा नीट करतात, रायरांना म्हणतात, “तुम्ही बेल्ट लावा आधी.” कॅथीड्रल रोडवर त्यांच्या हाताने गाडी वळते तेव्हा सत्तर सालची सगळी हळहळ मला फिकी वाटते.

सगळं सुधारतच गेलं, असंही समजू नका. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या छोट्या गाड्या भिंतीवर आदळून बघितल्या. एअरबॅग नसलेल्या मॉडेलांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यात चेन्नईजवळ बनणाऱ्या आय-१० आणि फिगोही होत्या. ज्या कारखान्यांतून परदेशात गाड्या जात होत्या, तिथूनच आपल्यासाठी एअरबॅगविना गाड्या निघत होत्या. म्युझिक सिस्टिमला आपण पैसे देत होतो, एअरबॅगला नाही. आणि कायदाही ती मागत नव्हता. ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ मध्ये, शेजारच्या माणसासाठी त्यानंतर दोन वर्षांनी. अँबॅसडरमधलं ते आईच्या मांडीवरचं पोर तोवर पन्नाशी ओलांडून गेलं होतं.

ऑक्टोबर २०२४. हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिलाय. वेलचेरीच्या फ्लायओव्हरवर कडेला गाड्यांची ओळ लागलीय. २०१५ आणि २०२३ च्या पुरांनी पोळलेले लोक आपापल्या गाड्या उंचावर आणून ठेवतायत. तुम्हीही तिकडेच निघालात, ऑटोमॅटिक छोटी गाडी घेऊन. ऐंशी ओलांडलेले रायर शेजारी बसलेत. गाडी तुम्हाला बारीकसारीक सगळं सांगते: टायरमधली हवा, मागचं दृश्य, कुठल्या दाराची कडी लागली नाही. इंजिन कुठे आहे, हे तिने गेल्या कित्येक महिन्यांत तुम्हाला जाणवू दिलेलं नाही.

रस्त्यावर पाणी वाढतंय. गुडघ्यापर्यंत असेल. गाडी शांतपणे पुढे जाते; म्हणून तुम्हीही जाता. मग एक धक्का, आणि सगळं थांबतं. पडद्यावर पिवळे-लाल दिवे. तुमचं बोट स्टार्टच्या बटणाकडे जातं.

रायर तुमचं मनगट धरतात. “हात लावायचा नाही.”

बॉनेट उघडून पुसूया का, तुम्ही विचारता. ते मान हलवतात. पुसायला काही नाही. डिस्ट्रिब्युटर केव्हाच गेला; आता प्रत्येक प्लगच्या डोक्यावर कॉइल बसवलेली असते, रबराने बंद केलेली, ओल तिथे पोचत नाही. पाणी शिरलं असेल तर हवेच्या वाटेने, थेट सिलिंडरमध्ये. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना तुम्ही बटण दाबलंत तर पिस्टन वर येऊन पाण्यावर आदळेल आणि कनेक्टिंग रॉड वाकेल. मग नुसती दुरुस्ती नाही, नवं इंजिन.

“मग हेराल्ड बरी होती,” तुम्ही म्हणता.

“हेराल्ड इथपर्यंत आलीच नसती,” रायर म्हणतात. “पहिल्या डबक्यात बंद पडली असती. ठिणगी भिजायची, इंजिन आपसूक वाचायचं. ही भिजत नाही, म्हणून ती तुम्हाला खोल नेते. हिला पाण्यात घालताना आपणच थांबायचं असतं.” पंचावन्न वर्षांपूर्वीचं सगळं ज्ञान निरुपयोगी झालं असं तुम्ही समजत होता. त्या माणसाने ते सोडलं नव्हतं. प्रत्येक गाडीबरोबर नव्याने जुळवून घेतलं होतं.

गिअर न्यूट्रलला घ्या, उतरा. कॉलेजची चार मुलं पाण्यातून येतात, “तळ्ळु, तळ्ळु” म्हणत मागून लोटायला लागतात. गाडी फ्लायओव्हरच्या चढाशी कोरड्यात लागते. मुलं निघून जातात. तुम्ही विमा कंपनीचं अ‍ॅप उघडून टो-व्हॅन मागवता. यायला दोन तास लागतील असं दिसतं. रायर छत्री मिटतात, मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसतात आणि विचारतात, पॉलिसीत इंजिनासाठीचं वेगळं कलम घेतलं होतं की नाही. तुम्ही कागद वर-खाली सरकवत ते शोधायला लागता.